विमान लांबलं आणि आपण एकटे

क्रांती चौकातून परदेशात निघायचं म्हणजे पहिला टप्पा ठरलेला: जालना रोडने अमरप्रीत, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स, सिडको, मुकुंदवाडी आणि मग चिकलठाण्याचा विमानतळ. अंतर आठ-नऊ किलोमीटर. पण चिकलठाण्याहून परदेशात थेट जाणारं नियमित विमान नाही. आधी मुंबई, दिल्ली किंवा हैदराबाद गाठायचं आणि तिथून मोठं विमान धरायचं. युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या लहान शहरात जायचं असेल तर वाटेत दुबई, दोहा किंवा फ्रँकफर्ट असा आणखी एक थांबा. आपला प्रवास एका विमानाचा नसतो, दोन-तीन विमानांचा असतो, आणि घोळ होतो तो बहुतेक वेळा त्यांच्या सांध्यावर.

असे एकटे निघणारे आपल्या शहरात आता बरेच आहेत. मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेली आई, वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यातून प्रशिक्षणासाठी जर्मनीला निघालेला इंजिनिअर, शिकायला जाणारी मुलगी. विमान लांबलं की तिघांचीही अडचण एकच, शेजारी विचारायला कुणी नसतं. अशा वेळी आपण स्वतःलाच एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. या क्षणी मला पुढे पोचवण्याची जबाबदारी कोणाची आहे? विमान कंपनीची, त्या देशाच्या सरकारची की माझी? उत्तर टप्प्याटप्प्याला बदलतं, आणि ते आधीच ठाऊक असेल तर कोणत्या खिडकीपुढे उभं राहायचं हे कळतं.

तिकीट काढताना

निम्मं काम इथेच होतं. प्रत्येक आरक्षणाला सहा अक्षरा-आकड्यांचा एक क्रमांक मिळतो, त्याला पीएनआर म्हणतात. चिकलठाणा ते अखेरचं शहर हा सगळा प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरखाली असेल तर पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकल्यास पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीचं काम ठरतं. तेच प्रवासाचे दोन तुकडे वेगवेगळ्या तिकिटांवर घेतले असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी आपण फक्त वेळेवर न आलेले प्रवासी. त्यांच्या भाषेत ‘नो-शो’. तिकीट गेलं, आणि बहुतेक पैसेही गेले.

दोन तिकिटं वेगळी काढली की चार-पाच हजार वाचतात, हे खरं आहे. एजंटही तसं सुचवतो. पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्याने हा मोह टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. एजंटला सरळ विचारावं, ‘सगळा प्रवास एकाच पीएनआरवर आहे ना? बॅग शेवटच्या गावापर्यंत जाईल ना?’ दोन्हींना ‘हो’ आलं तरच पैसे द्यावेत.

तिकिटं वेगळी असण्याला पर्यायच नसेल तर आदल्या दिवशी मुंबई गाठावी. रात्रीची देवगिरी एक्सप्रेस आहे, वंदे भारत आहे, आणि ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्ग थेट भिवंडीच्या तोंडाशी नेऊन सोडतो. (समृद्धीवर वाचवलेला वेळ पुढे भिवंडी-ठाण्याच्या कोंडीत परत द्यावा लागतो, तेवढा हिशेब धरावा.)

याच समृद्धीमुळे एक खास आपल्याकडचा सापळा तयार झाला आहे. तिकीट एकच आहे, पण चिकलठाण्याचं विमान तीन तास उशिरा आहे. पुतण्या म्हणतो, ‘काकू, कशाला थांबता? गाडीने सोडतो मुंबईला.’ काकू वेळेत मुंबईच्या सहार विमानतळावर पोचतात आणि काउंटरवर कळतं की तिकीट रद्द झालंय. कारण एका तिकिटावरचा पहिला टप्पा आपण न सांगता सोडला की पुढचे सगळे टप्पे, अगदी परतीचेसुद्धा, आपोआप रद्द होतात. म्हणून आधी कंपनीला फोन करावा. मी मुंबईहून बसेन, पहिला टप्पा काढून तिकीट बदलून द्या, असं सांगावं. बदललेलं तिकीट ईमेलवर येईपर्यंत गाडीची किल्ली फिरवू नये.

विमान कुठे बदलायचं यालाही महत्त्व आहे. हैदराबादला सगळा कारभार एकाच इमारतीत चालतो, त्यामुळे नवख्या माणसाला ते सोपं जातं. मुंबईत टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन एकमेकांपासून लांब आहेत. देशांतर्गत विमान एकवर उतरलं तर आंतरराष्ट्रीयसाठी रस्त्याने दोनला जावं लागतं. दिल्लीत आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल तीनवरून सुटतात आणि टर्मिनल एक तिथून बरंच दूर आहे. तिकिटावर टर्मिनलचा आकडा छापलेला असतो, तो दोन्ही विमानांसाठी वाचून ठेवावा.

ऋतूही पाहावा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला पहाटेचं धुकं असतं, जून ते सप्टेंबर मुंबईत पाऊस. त्यातून मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि उशीर झाला की तो दिवसभर साचत जातो.

दोन विमानांमध्ये किती वेळ ठेवावा? कंपन्या दीड तासाची जोडही विकतात. धावत-पळत, पाट्या वाचत, सुरक्षा तपासणीची रांग लावत ते जमवणं सराईताचं काम आहे. आपण परदेशी थांब्यावर तीन-चार तास आणि भारतात देशांतर्गत विमानातून आंतरराष्ट्रीय विमानात जाताना चार-पाच तास ठेवावेत. तेवढा वेळ बसून काढणं कंटाळवाणं असतं, पण चुकलेल्या विमानापेक्षा ते केव्हाही परवडतं.

बॅग भरताना

उशीर होणारच आहे असं धरून हातातली बॅग भरावी. त्यात तीन दिवसांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, एक कपड्यांचा जोड, चष्मा, चार्जर आणि त्या देशाच्या सॉकेटला बसणारी पिन असावी. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची असते, मोठ्या बॅगेत चालत नाही. मधुमेह असेल तर खाण्याचं काहीतरी कोरडं जवळ असावं. लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की तपासणीतून सहसा सुटते, लोणच्याची बरणी सुटत नाही. तेल-रस असलेला पदार्थ द्रवात मोजतात.

कागद छापील हवेत. तिकीट, विमा, परतीचं तिकीट, जिथे उतरणार तिथला पत्ता आणि फोन, आणि आपल्या दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक. फोनची बॅटरी संपते तेव्हाच हे सगळं लागतं, असा अनुभव आहे.

फोन आणि कार्डाची दोन कामं घरूनच करावीत. आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यावं, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. आणि कार्डाची परदेशातली सोय बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठीच चालू असतं. परदेशातल्या विमानतळावर रात्री दोन वाजता कार्ड नाकारलं जातं ते बहुतेक वेळा याच कारणाने.

शहराच्या नावाचाही एक घोळ आहे. आपल्या शहराचं नाव २०२३मध्ये बदलून छत्रपती संभाजीनगर झालं, पण अनेकांच्या पासपोर्टवर जन्मगाव ‘औरंगाबाद’ आहे, विमान कंपन्यांच्या यादीत कुठे जुनं नाव दिसतं तर कुठे नवं, आणि बिहारमध्येही एक औरंगाबाद आहेच. फॉर्मवर पासपोर्टमध्ये जे आहे तेच अक्षरशः लिहावं. विमानतळाची आयएक्सयू ही तीन अक्षरं बदललेली नाहीत. बॅगेच्या चिठ्ठीवर आणि परतीच्या तिकिटावर तीच बघावीत.

आता खाऊबद्दल, कारण मराठवाड्यातली बॅग खाऊशिवाय निघत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. त्यात तेल असल्याने ते ज्वलनशील मानतात. त्याहून गंभीर गोष्ट खसखशीची. संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली मोजली जाते आणि प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. सिंगापूरही तिला बंदी घालतं. दुबईच्या लेकीला दिवाळीचे अनारसे नेणाऱ्या आईने ही ओळ दोनदा वाचावी. अनारशावर खसखस असते आणि घरच्या काळ्या मसाल्यातही बऱ्याच घरी ती घालतात. विमान लांबून आपल्याला अचानक दुबईत रात्र काढावी लागली आणि बॅग बाहेर आली तर ती तपासली जाऊ शकते. आपण दुबईला निघालो नव्हतो, हे तिथे ऐकून घेतील याची खात्री नाही.

ऑस्ट्रेलियासारख्या देशात उलट पद्धत आहे. बरंच खाणं नेता येतं, पण फॉर्मवर कबूल करावं लागतं. कबूल केलं तर फार तर काढून घेतात. लपवलं आणि सापडलं तर जबर दंड होतो. आपल्याकडे ‘कशाला सांगायचं, विचारलं तर बघू’ अशी वृत्ती असते, तिथे ती महागात पडते.

पाटीवर ‘डिलेड’ आलं

पहिली गोष्ट, गेट सोडून लांब जाऊ नये. चार वाजताचं विमान सहाला गेलं म्हणून आपण जेवायला जातो आणि ते पाच वाजताच निघतं, असं होतं. जाहीर झालेली नवी वेळ पुढे सरकते तशी मागेही येते. गेटचा आकडाही बदलतो. दर वीस मिनिटांनी पाटी बघावी.

दुसरी गोष्ट, कारण विचारावं आणि लिहून घ्यावं. हवामान, तांत्रिक बिघाड, येणारं विमानच उशिरा की कर्मचारी नाहीत? भरपाई मिळणार की नाही हे या एका उत्तरावर ठरतं. विमा असेल तर कंपनीकडून उशिराचं पत्र मागावं. विमा कंपनी ते मागतेच, आणि घरी परतल्यावर ते मिळवणं फार जिकिरीचं होतं.

तिसरी गोष्ट, पुढचं विमान चुकणार असेल तर ते इथेच सांगावं. चिकलठाण्याच्या काउंटरवर चार माणसं रांगेत असतात, मुंबईत चारशे. पुढच्या विमानाची बदली इथूनच करून घेता आली तर उत्तम.

भारतातल्या नियमांची थोडी ओळख असू द्यावी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, यांच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला तर प्रवाशांना खाणं-पिणं द्यावं लागतं. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास, त्याहून लांबच्याला चार तास. देशांतर्गत विमान सहा तासांहून जास्त लांबणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक निवडता येतं. रात्री आठ ते पहाटे तीन यांच्यामध्ये सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेल द्यावं लागतं. वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर उड्डाणाच्या लांबीनुसार पाच ते दहा हजार रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. मात्र धुकं, वादळ, हवाई नियंत्रण अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर ही भरपाई मिळत नाही.

हे सगळं न मागता क्वचितच मिळतं. आपली माणसं इथे मागे पडतात. ‘जाऊ दे, कशाला उगीच वाद’ म्हणून कोपऱ्यात बसून राहतात आणि शेजारचा माणूस जेवणाचं कूपन घेऊन येतो. वाद घालायचाच नाही. काउंटरवर जाऊन ‘दोन तास झाले, नियमाप्रमाणे जेवणाची काय व्यवस्था आहे?’ इतकंच शांतपणे विचारायचं. जे मिळेल ते घ्यायचं.

एका गोष्टीला मात्र पटकन ‘हो’ म्हणू नये. गोंधळात कंपनीचा माणूस किंवा मोबाइलवरचा संदेश विचारतो, ‘रिफंड हवा का?’ पैसे परत घेतले की आपल्याला पोचवण्याची कंपनीची जबाबदारी संपली. घरी चिकलठाण्यात असाल तर तो पर्याय ठीक. परक्या देशात अर्ध्या वाटेवर असताना रिफंड घेणं म्हणजे ऐन वेळेच्या चढ्या दराने नवं तिकीट स्वतः शोधणं. तिथे म्हणायचं ते एवढंच, ‘पैसे नकोत, मला पुढच्या विमानात बसवा.’

परक्या विमानतळावर रात्र

समजा, दुसरं विमान चुकलंच. बाहेर पडायच्या दिशेने जाऊ नये. ‘ट्रान्सफर’ किंवा ‘कनेक्शन्स’ अशा पाट्यांच्या मागे जावं. तिथे आपल्या कंपनीचा ट्रान्सफर डेस्क असतो, म्हणजे विमान बदलणाऱ्यांची मदत-खिडकी. रांगेत उभं असतानाच कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा फोनवरही प्रयत्न चालू ठेवावा, जो आधी लागेल तो खरा. खिडकीशी चार गोष्टी घ्यायच्या: नव्या विमानाचा बोर्डिंग पास, जेवणाचं कूपन, रात्र असेल तर झोपायची सोय आणि बॅगेचं काय होणार याचं उत्तर.

झोपायच्या सोयीपाशी मोठी अडचण येते, ती व्हिसाची. हॉटेल शहरात असतं आणि शहरात जायचं तर त्या देशात प्रवेश हवा. १ डिसेंबर २०२४ला मुंबईहून बहारीनमार्गे मँचेस्टरला जाणारं एक विमान बिघाडामुळे कुवेतला उतरलं. भारतीय प्रवासी सुमारे वीस तास विमानतळावरच अडकले. ज्या देशांच्या पासपोर्टवर तिथे येताक्षणी व्हिसा मिळतो ते प्रवासी हॉटेलात गेले, आपले लोक मात्र बाकांवर राहिले. शेवटी भारतीय दूतावासाची माणसं विमानतळावर पोचली तेव्हा प्रतीक्षा-कक्ष मिळाला. प्रवाशांना हा भेदभाव वाटला, आणि वीस तास उपाशी-तापाशी बसल्यावर तसं वाटणारच. पण मूळ अडचण कंपनीच्या काउंटरवर सुटणारी नव्हती. दार सरकारच्या हातात होतं. म्हणून अशा वेळी कंपनीशी तासन्‌तास भांडण्यापेक्षा दूतावासाचा क्रमांक लवकर लावावा, आणि एकट्याने न लावता आसपासच्या पाच-दहा भारतीयांना जमवून एकत्र यादी द्यावी.

याहून विलक्षण प्रकार ६ जून २०२३चा. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या दोषामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदान इथे उतरलं. दोनशेहून अधिक प्रवासी, हॉटेलं अपुरी, भाषा कोणालाच येत नाही. स्थानिक लोकांनी त्यांना वसतिगृहांत आणि शाळेत ठेवलं. दुसऱ्या दिवशी मुंबईहून दुसरं विमान पाठवून त्यांना पुढे नेलं. आपण जिथे जाणार नाही अशा देशातही रात्र काढावी लागू शकते. म्हणूनच हातातल्या बॅगेत एक गरम कपडा मे महिन्यातही असावा.

नुसतं विमान बदलण्यासाठीही काही देश व्हिसा मागतात, त्याला ट्रान्झिट व्हिसा म्हणतात. अमेरिकेत व्हिसा लागतोच. ब्रिटन आणि युरोपातल्या काही देशांचे नियम कोणत्या पासपोर्टवर कोणता व्हिसा आहे त्यानुसार बदलतात, आणि ते नियमही अधूनमधून बदलतात. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघावं. आणखी एक धोका असा की, चुकलेल्या विमानाऐवजी कंपनी आपल्याला भलत्याच देशातून वळवून पाठवते. नवा मार्ग हातात आला की पहिला प्रश्न, ‘या थांब्यासाठी भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो का?’

जेवणाचंही नव्याने सांगावं लागतं. आपण शाकाहारी जेवण नोंदवलेलं असतं ते चुकलेल्या विमानासाठी. नव्या विमानात ती नोंद बहुधा जात नाही. नोंदवताना सांकेतिक अक्षरं नीट बघावीत. एव्हीएमएल म्हणजे आपल्या पद्धतीचं शाकाहारी. एचएनएमएल म्हणजे ‘हिंदू मील’, आणि त्यात बहुधा चिकन किंवा मटण असतं. गोमांस मात्र नसतं. नाव वाचून श्रद्धेने हाच पर्याय निवडणारे आणि मग ताट परत करून उपाशी राहणारे कितीतरी आहेत.

युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघत असाल, कंपनी कोणतीही असो, किंवा तिथल्या कंपनीच्या विमानाने तिकडे जात असाल, तर ‘ईसी २६१’ हा २००४चा नियम लागू होतो. शेवटच्या ठिकाणी तीन तासांहून उशिरा पोचलो आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो. अमेरिकेत नुसत्या उशिरासाठी अशी रोख भरपाई नाही.

उतरल्यावर

अमेरिकेला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बॅगेवर शेवटच्या गावाची चिठ्ठी असली तरी अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर ती पट्ट्यावरून उचलायची, कस्टम्स म्हणजे सीमाशुल्क तपासणी पार करायची आणि पुन्हा जमा करायची. पुढचं विमान गाठायच्या घाईत लोक बॅग तिथेच सोडून पळतात. परतताना भारतातही साधारण तसंच. मुंबई किंवा दिल्लीत बॅग घेऊन बाहेर यायचं आणि चिकलठाण्यासाठी नव्याने द्यायची.

इमिग्रेशनच्या, म्हणजे प्रवेश-तपासणीच्या खिडकीवर आपल्याला पोचवायची जबाबदारी कोणाचीच नसते, आपणच आपले. का आलात, कुठे राहणार, परत कधी जाणार, ही तीन उत्तरं इंग्रजीत तीन ओळींत लिहून ठेवावीत आणि तेवढीच द्यावीत. प्रवासात किती हाल झाले हे तिथे सांगायचं नसतं. बोलताना मान हलवायची आपली पद्धत त्या माणसाला ‘हो’ की ‘नाही’ कळत नाही, म्हणून तोंडाने ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणावं. इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागता येतो. संकोचाने चुकीचं उत्तर देण्यापेक्षा ते चांगलं. अण्णासाहेब कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले १९१८मध्ये जेमतेम इंग्रजीवर अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी कामं करत भाषा शिकल्या. त्यांच्यापाशी ना दूतावासाचा क्रमांक होता ना अ‍ॅप.

बॅग आलीच नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी बॅगेच्या खिडकीवर तक्रार नोंदवावी आणि पीआयआर नावाचा नोंद-कागद घ्यावा. बाहेर पडून घरी गेल्यावर फोन करणाऱ्यांचं प्रकरण लटकतं. मॉन्ट्रियल करारानुसार खराब झालेल्या बॅगेची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा आलेल्या बॅगेची ती हातात पडल्यापासून एकवीस दिवसांत करावी लागते. तोवर घेतलेल्या टूथब्रशपासून कपड्यांपर्यंतच्या पावत्या ठेवाव्यात.

आता त्या देशाच्या रीतीभाती. साध्या वेळेला त्या हळूहळू कळतात, पण विमान लांबून अवेळी उतरलं की एकदम अंगावर येतात. आरक्षित हॉटेलला रात्री उशिरा येतोय असा फोन किंवा निरोप नाही गेला तर ते खोली दुसऱ्याला देऊ शकतात. इथेही ‘नो-शो’ आहेच. जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी पोचायचा माणूस मध्यरात्री पोचला तर सोमवारपर्यंत दूध-पावाचीही पंचाईत होते. विमानतळावरची आणि मोठ्या स्टेशनवरची दुकानं तेवढी उघडी असतात, तिथूनच घेऊन निघावं. जपानमध्ये शहरी रेल्वे मध्यरात्रीच्या सुमाराला बंद होते आणि टॅक्सी फार महाग. पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत विमानतळावर थांबणं तिथे अनेकदा शहाणपणाचं ठरतं. रमजानात आखाती देशात दिवसा उतरलो तर रस्त्यावर पाण्याची बाटली तोंडाला लावण्याआधी आजूबाजूला पाहावं.

रांगेत पुढच्या माणसाला खेटून उभं राहणं आपल्याला साधं वाटतं. तिकडे हातभर अंतर सोडतात, आणि ते सोडलं म्हणून कोणी मध्ये घुसत नाही. लांबलेल्या विमानाच्या रांगेत तर हे फार कळीचं आहे. खिडकीवरची बाई एका वेळी एकाशीच बोलते. मागून हात पुढे करून कागद दाखवला तर ती ऐकून न ऐकल्यासारखं करते, आणि आपल्याला वाटतं की ती उर्मट आहे. नंबर आल्यावर मात्र ती पूर्ण वेळ देते.

घरच्यांशी बोलताना फोन स्पीकरवर ठेवू नये. अमेरिकेत टॅक्सीवाल्याला, वेटरला बक्षिसी द्यायची असते, जेवणावर पंधरा ते वीस टक्के. जपानमध्ये दिली तर ते गोंधळून परत करतात. बऱ्याच देशांत संडासात पाणी नसतं, एक रिकामी बाटली जवळ ठेवावी. याबद्दल कोणी बोलत नाही, पण पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला तिची गरज पडते.

परतल्यावर

पैसे अडकले असतील, भरपाई नाकारली असेल तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. बोर्डिंग पास, उशिराचं पत्र, पावत्या सोबत जोडाव्यात. उत्तर आलं नाही तर केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ या पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर नोंदवता येतं.

तेवढ्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचं कार्यालय दिल्लीला आहे म्हणून दिल्लीला जावं लागेल, ही समजूत चुकीची आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. आपण क्रांती चौकात राहत असाल तर आपली तक्रार आपल्याच शहरात चालते. घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि दिलेले पैसे पाच लाखांच्या आत असतील तर शुल्कही नाही. अर्ज ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावर घरबसल्या भरता येतो. तिथे तारीखवार टिपण, कोणी काय सांगितलं त्याची नोंद आणि काउंटरवरच्या पाटीचा फोटो हे सगळं कामी येतं. म्हणून पाटीवर ‘डिलेड’ दिसताच पहिला फोटो तिचा काढावा, आणि मग घरी फोन करावा.